पत्ता देणारे मयेकर सर

तहानलेला पाहुणा दारात आला, तर तुम्ही त्याला पाणी देता की माठाचा पत्ता?

आमचे शेजारी मयेकर सर पत्ता देतात. खुर्चीतून न उठता. "आत डावीकडे, दुसरा माठ. सात भांडी शिल्लक. विहिरीचं आहे." फणस मागा. "गोठ्यामागचं झाड. तीन. कापा जातीचे, बरका नव्हे."

सर गणिताचे निवृत्त शिक्षक, घरी एकटे. त्यांचं तत्त्व एकच: वस्तू हलवू नये, ठिकाण, संख्या आणि जात सांगावी.

मी तेव्हा पत्रकं काढायचो. अन्याय दिसला की हजार प्रती. सर म्हणायचे, "प्रती हजार, वाचणारे चार. एक कागद चौकात चिकटव नि लोकांना चौक दाखव, मेल्या!"

पण २००४ साली आमचं एका गोष्टीवर जमलं. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा सरकत होता, होड्या त्यावर आपटत होत्या, आणि सरकारी नकाशा माझ्या वडिलांच्या वयाचा! नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघण्याआधी त्या चालवणाऱ्या तांडेलांना खाडीचा तळ दाखवायचाच, असं सरांनी ठरवलं. खोलीच्या मापांच्या बारा वह्या त्यांच्याकडे होत्या. त्यांतले आकडे पायथन या संगणकाच्या भाषेत भरले. चित्र काढणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, मात्र सी या दुसऱ्या भाषेतली. चित्र जरा फिरवलं की पायथन सगळे आकडे नव्याने उतरवून तिच्याकडे पाठवी. जुना संगणक धापा टाकी.

"पुन्हा प्रत?" सर भडकले. त्यांनी आकडे जागेवरच ठेवले आणि सीला तेवढंच कळवलं: कुठे आहेत, किती आहेत, कुठल्या जातीचे. पडद्यावर खाडी भोवऱ्यासारखी फिरू लागली.

तांडेलांच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मला दाखवायला बसले, तर तळातून उंचच उंच सुळके वर आलेले.

"सर, खाडीत सह्याद्री?"

सर पांढरेफटक. दुपारभर खपल्यावर चूक सापडली. ज्या आकड्यांना धरून ठेवणारं एकही नाव उरत नाही, ते पायथन टाकाऊ समजतो आणि जागा दुसऱ्याला देतो. सरांनी पत्ता दिला आणि हात झटकले. सी बिचारी त्या जागी गेली, तर तिथे भलताच कचरा.

"पत्ता बरोबर, घर पाडलेलं," सर पुटपुटले. मग त्यांनी एक ओळ वाढवली. शेवटपर्यंत आकडे धरून ठेवणारं एक नाव: हसन.

"कोण हसन?"

"वह्या त्याच्या. वीस वर्षं दर रविवारी मी वल्ही मारायचो, तो दोरीला शिसं बांधून खोली मोजायचा. गेल्या शिमग्यात वारला. त्याआधी वह्या मला द्यायच्या म्हणाला. पत्ता सांग, मी येतो म्हटलं होतं. ऐकतोय कुठला? तापात बारा वह्या डोक्यावर घेऊन आला."

दुसऱ्या दिवशी सरांच्या पडवीत मांडलेल्या संगणकावर दांडा स्वच्छ दिसला. तांडेल पुढे सरकले. "मापं कुणाची, सर?"

"हसनची."

मागे हसनभाईंच्या बायको बसल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पाणी मागितलं. मी मनात म्हटलं, आता माठाचा पत्ता येणार. सर उठले. आत गेले. भरलेलं भांडं दोन्ही हातांनी धरून घेऊन आले.

तुमच्या गावातही कुणीतरी विहिरीची, भरतीची, पावसाची मापं वहीत लिहून ठेवली असतील. ती वही शोधा, तिच्यावर त्या माणसाचं नाव घाला. आणि तो हयात असेल तर निरोप धाडू नका. स्वतः उठून जा.