रिकामा रकाना

दादाराव कोणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागतात, चहाला नको म्हणतात, आणि मग खिशातून शिंप्याची टेप काढून त्या घरातल्या लग्नाच्या पोराला भिंतीला टेकून उभं राहायला सांगतात. पोरगा इंजिनिअर असो, तलाठी असो की घरची शेती करणारा असो, सूट कोणालाच नाही. चप्पल काढायची, टाचा भिंतीला लावायच्या, नजर समोर. मग ते त्याच्या डोक्यावर एक वही आडवी धरतात, तिच्याखाली भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारतात आणि तिथून खाली टेप सोडतात. घरातली माणसं हसतात, पोराची बहीण फोटो काढते, पण दादाराव हसत नाहीत.

एकदा मी त्यांच्यासोबत होतो. आमच्या लग्न जुळवायच्या वेबसाइटवर पोरगा पाच फूट आठ इंच होता, भिंतीवर तो पाच-पाच भरला. त्याची आई म्हणाली, "फॉर्म भरला तवा होता ना पाच-आठ."

"मंग आता मांगं वाढून राह्यला का बाई?" दादारावांनी विचारलं.

आई हसली, पोरगा हसला, मीही हसलो. दादाराव मात्र कानापर्यंत लाल झाले. बाहेर येऊन मोटारसायकलजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "राजा, मलेच लाज आली."

लाज हा दादारावांचा कायमचा आजार आहे. खोटं दुसऱ्यानं बोलायचं आणि मान यांनी खाली घालायची. एसटीत कोणी तिकीट चुकवलं तर हे खिडकीबाहेर बघतात. "मलेच लाज आली" हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून इतक्या वेळा येतं की माझ्या सेंटरवर येणारी पोरं त्यांना मागून लाजाळू म्हणतात. दादारावांना ते माहीत आहे, आणि पोरं मागून बोलतात याची त्यांना पोरांच्या वतीनं लाज वाटते.

आता हे वेबसाइटचं प्रकरण सांगतो. मालेगावच्या स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. पीकविम्याचे अर्ज, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, जे येईल ते करतो. आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची जुनी साइट मोबाइलवर धड उघडत नव्हती, म्हणून नवी बनवायचं काम माझ्याकडे आलं. "जुनी माहिती उचलायची आन् नव्या साइटवर टाकायची, हाय काय त्यात," असं अध्यक्ष म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं. बटण दाबायचं, चहा प्यायचा, तोवर माहिती इकडून तिकडे. पण मंडळाचे सचिव दादाराव होते.

पहिल्याच दिवशी ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पडद्यावरची नावं वाचू लागले. "हा शंकर. याच्या लग्नाचं जेवन म्या जेवेल हाय." पुढचं नाव. "इचं पोरगं शाळेत जाते." पुढचं नाव आलं तशी त्यांनी टोपी काढली. तो पोरगा वारला होता. साइटवर मात्र तो अजून सुस्वभावी होता आणि अनुरूप वधूच्या शोधात होता.

"राजा, याच्या मायनं हे पाह्यलं असन का रे?" त्यांनी विचारलं. मी ते नाव काढून टाकलं. त्या दिवशी आमचं काम तिथंच थांबलं.

माहिती अशी का, तर जुनी साइट भरली होती परिचय मेळाव्याच्या पुस्तिकांवरून, आणि पुस्तिकेचे फॉर्म भरले होते मामांनी. आमच्याकडे बाप वावरात असतो, पोरगा लाजतो, आई म्हणते मामाला विचारा. मग मामा भाच्याला लहानपणी ज्या मायेनं खांद्यावर घेतो, त्याच मायेनं त्याची उंची लिहितो. पगार लिहितो. रंग तर सगळ्यांचाच गोरा. एका सातबाऱ्यावरची बारा एकर चार चुलत भावांनी आपापल्या नावापुढं अख्खी लिहिली होती, म्हणजे साइटवर त्या घराची अठ्ठेचाळीस एकर झाली. "एवढं वावर असतं तं गावच ह्यायच्या नावानं असतं," दादाराव म्हणाले, आणि अर्थातच त्यांना लाज आली.

मग त्यांनी एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली. फोन नंबरही मामांचेच होते. काही नंबर आता भलत्याच माणसांकडे होते. एक कृषी केंद्रात लागला, तिथल्या माणसानं स्थळ म्हणताच तुरीच्या बियाण्याचा भाव सांगितला. ज्यांची लग्नं झाली होती त्यांची नावं काढायच्या आधी दादाराव त्यांची माफी मागत. "तुमाले काढून राह्यलो, राग नका मानू." एका नवरदेवानं विनवणी केली, "राहू द्या ना काका. बायको चिडली का दाखवतो तिले, अजून मागनी हाय मले." दादारावांनी फोन ठेवला आणि पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसले.

फोनवर भरवसा बसेना म्हणून मग टेप आली, गावोगाव जाणं आलं. दादारावांची उभी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेलेली. ते म्हणायचे, "बैल घेताना मानूस त्याचे दात पाह्यते. जावाई घेताना कागद पाह्यते. हे उलटं नाही का?"

मेळावा जवळ येत होता. त्या मेळाव्यात नव्या साइटचं उद्घाटन व्हायचं होतं, आणि नावांची संख्या रोज घटत होती. अध्यक्ष एक दिवस जिना चढून तणतणत वर आले. "सचिव, असं चाळत बसले तं साइटवर मी आन् तुमीच उराल. नावं भरपूर दिसली पाह्यजे."

"नावं पाह्यजे का सोयरीक पाह्यजे?" दादारावांनी खालच्या मानेनंच विचारलं.

अध्यक्ष गेल्यावर त्यांनी मला नव्या फॉर्मसाठी एक नियम घालायला लावला. एकही रकाना रिकामा राहिला तर माहिती जतनच होऊ नये. मी समजावलं, लोक वैतागतील. त्यांनी ऐकलं नाही. "खोटं लिवलं तं मोजून धरता येते राजा, पन लोक रिकामं सोडते. रिकामा रकाना म्हंजे दाबेल खोटं." दाबून ठेवलेलं खोटं त्यांना साइटवर नको होतं. शेवटी मी नियम घातला. काही सोडलं की लाल अक्षरांत येऊ लागलं, 'ही माहिती आवश्यक आहे.' दादारावांनी मुद्दाम दोन-तीनदा काही न भरता बटण दाबून पाहिलं आणि खुश झाले. त्यांना खुश झालेलं मी तेव्हाच पाहिलं. त्याच संध्याकाळी मी अध्यक्षांना फोन करून म्हणालो की काकांचं डोकं आता कामातून गेलंय, तुम्हीच काहीतरी करा.

खरं तर ही लाज कुठून आली हे मला ठाऊक होतं. सगळ्या मालेगावला ठाऊक होतं.

शेजारच्या मेडशी गावचे उत्तमराव म्हणजे दादारावांचा एकुलता एक दोस्त. दर बाजाराला उत्तमराव एसटीनं यायचे आणि दोघं स्टँडवरच्या टपरीवर एक चहा बशीत अर्धा-अर्धा करून प्यायचे. कोणाच्या बशीत जास्त पडला यावर वाद घालायचे, आणि तो वाद माझ्या खिडकीपर्यंत ऐकू यायचा. उत्तमरावांची मुलगी वैशाली. तिचं स्थळ जुन्या साइटवरून दादारावांनीच जुळवलं. मुलाच्या नावापुढं लिहिलं होतं, 'नोकरी: पर्मनंट'. नोकरी कंत्राटी होती, आणि लग्नाच्या आधीच सुटली होती. लग्नानंतरही तो रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि संध्याकाळी परत यायचा. एक दिवस वैशालीला कळलं. तिनं विचारलं तर त्यानं हात उचलला. ती माहेरी आली, कागदपत्रं झाली, सगळं मिटलं.

दादारावांचं मात्र मिटलं नाही. त्यांनी टपरीवर जाणं सोडलं. माझ्या सेंटरला मागूनही एक लोखंडी जिना आहे, बाजाराच्या दिवशी ते त्या जिन्यानं ये-जा करत. मेडशीच्या पलीकडल्या गावात पोराची उंची मोजायला जायचं असलं तरी ते मेडशीचा रस्ता टाळून कुठून कुठून फिरून जात. उत्तमरावही वर कधी आले नाहीत. लोक म्हणायचे, बरोबरच आहे, कोणता बाप अशा माणसाचं तोंड पाहील? दादाराव ते ऐकून घ्यायचे.

मेळाव्याच्या आधीच्या बाजाराला, दुपारी, पुढच्या जिन्यानं वैशाली वर आली. ती आता मेडशीतच एका शाळेत शिकवते. तिला पाहताच दादाराव उभे राहिले. टेप खिशातून बाहेर लोंबत होती, ती त्यांनी आत कोंबली.

"काका, नवी साइट होऊन राह्यली म्हनते. माही माहिती भरायची हाय."

"तुही माहिती हाय ना बाई. जुनी."

"जुनी खोटी हाय. बाबानं माही उंची पाच-तीन लिवली होती. मोजा."

दादाराव हलले नाहीत. मग तिनंच चप्पल काढली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी टाचा लावून उभी राहिली. त्यांनी वही धरली, रेघ मारली, टेप सोडली. मग पुन्हा एकदा मोजलं.

"पाच-एक," ते म्हणाले.

"दोन इंच बाबाची माया," वैशाली म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

मी भरू लागलो. नाव, शिक्षण, नोकरी, गाव. मग वैवाहिक स्थिती आली. समोर शब्द होते, त्यातला एक निवडायचा होता. माझं बोट थांबलं.

"राजा, ते राहू दे," दादाराव मागून म्हणाले. "ते मंग पाहू."

मी तो रकाना सोडून जतन करायचं बटण दाबलं. लाल अक्षरं आली. वैशालीनं ती मोठ्यानं वाचली. "ही माहिती आवश्यक आहे." मग खुर्चीतून वळून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "रिकामा रकाना म्हंजे दाबेल खोटं. साऱ्या तालुक्याले सांगत फिरता ना काका?"

"ते लोकायसाठी हाय बाई."

"मी लोकातलीच हाय. लिहा भाऊ, घटस्फोटित. मले लाज नाही वाटत त्याची."

"मले वाटते," दादाराव म्हणाले. "मामाच्या फॉर्मवरून त्या पोट्ट्याच्या नावापुढं पर्मनंट म्या लिवलं होतं. ह्या हातानं."

"आन् तुमी चौकशी करून येतो म्हनले तवा तुमाले आडवलं कोनं? बाबानंच ना? खोदू नको म्हने, हातचं स्थळ जाईल. आता इतक्या दिवसानं सांगतलं बाबानं मले, रडून राह्यले होते." तिचा आवाज जरा चढला. "साऱ्यायनं तुमाले बोल लावला. तुमी कोनाले काहून नाही सांगतलं काका?"

मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. मालेगावातही कोणी ऐकलेलं नव्हतं. दादाराव टेप बोटांभोवती गुंडाळत राहिले, सोडत राहिले, पुन्हा गुंडाळत राहिले.

"त्याले घरी रोज तुह्याकडं पाहा लागते," ते शेवटी म्हणाले. "मले घरी कोनाकडं पाहा लागते?"

दादारावांच्या घरी कोणी नाही. जन्मभर लोकांच्या सोयरिकी जुळवल्या, स्वतःची राहूनच गेली. हे मला माहीत होतं, पण दोस्ताचा बोल स्वतःवर घ्यायला त्याचा असाही काही उपयोग त्यांनी करून घेतला असेल असं कधी मनात आलं नव्हतं. अध्यक्षांना केलेला तो फोन मला आठवला. मला माझी लाज वाटली, आणि ती माझी स्वतःचीच होती, दुसऱ्या कोणाच्या वतीनं नव्हती.

वैशाली उठली, तिनं चप्पल घातली. "बाबा खाली हाय. टपरीवर."

"इथं आला?" दादारावांनी विचारलं. "मंग वर काहून नाही आला?"

"त्यायलेबी लाज वाटते, काका. तुमाले वाटते तितलीच. म्हून तं मले पुढं धाडलं."

दादारावांनी टेप खिशात टाकली. मग सवयीनं मागच्या लोखंडी जिन्याकडे निघाले. दारापर्यंत गेले, थांबले, वळले आणि आमच्या दोघांकडे न बघता पुढच्या जिन्यानं खाली उतरले.

मी घटस्फोटित हा शब्द निवडला आणि बटण दाबलं. या वेळी लाल काही आलं नाही. वैशाली खिडकीशी उभी होती, मीही जाऊन उभा राहिलो. खाली टपरीवर दोघं म्हातारे शेजारी शेजारी उभे होते, दोघांच्या माना खाली. टपरीवाल्यानं न विचारता एक चहा आणि दोन बशा पुढं ठेवल्या. उत्तमरावांनी कप उचलला, एक बशी काठोकाठ भरली आणि दादारावांपुढं सरकवली. मग उरलेला चहा आपल्या बशीत ओतला, तो तळाशीच राहिला.

दादारावांनी दोन्ही बशांकडे पाहिलं आणि सवयीनं खिशातून टेप काढली.