हत्तीण खाली बसली

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी हात लावला आणि वस्तू बिघडली, असं आजवर एकदाही झालेलं नाही! वस्तू आधीच बिघडलेली असते. मी फक्त ते उजेडात आणतो. पंखा, मिक्सर, नळ, बायकोचा स्वभाव, कशाचंही उदाहरण घ्या.

आता आमची गाडी. वडिलांच्या वेळची, करड्या रंगाची, उंच आणि ऐसपैस. घरात तिला सगळे हत्तीण म्हणतात. चालते झुलत झुलत आणि हॉर्नही सोंड वर केल्यासारखा. पण आईचे गुडघे बोलू लागल्यापासून हत्तिणीवर चढणं तिला जमेना. "गाडीत बसायचं की माळ्यावर चढायचं?" असं म्हणून ती दारातून परत फिरायची.

आणि तिला जायचं होतं मावशीकडे. मावशी ही आईची थोरली बहीण. कपडे शिवते आणि पायाला भिंगरी बांधून जगते. कुणाकडे गेली तरी उभ्याउभ्या, कुणी तिच्याकडे आलं तरी उभ्याउभ्या. खुर्ची पुढे केली की म्हणते, "बसायला नाही आले मी!"

त्या दोघींची आई लहानपणी एक अंगाई म्हणायची. त्यातली शेवटची ओळ दोघींच्याही आठवणीतून गळून पडली होती.

"फोनवर आठवा की दोघी मिळून," मी म्हटलं.

"फोनवर ती कात्री चालवत बोलते. अशा ओळी पाखरासारख्या असतात रे. आपण निवांत बसलो, तरच जवळ येऊन बसतात." आईने गुडघ्यावरून हात फिरवला. "आम्ही दोघी आता पिकली पानं. एकदा मांडीला मांडी लावून बसलो नाही, तर ती ओळ गेलीच म्हणायची."

मला राहवेना. आणि मला राहवेना झालं, की हातात पाना येतो!

"आई, तू हत्तिणीवर चढायचं नाहीस. हत्तीण तुझ्यासाठी खाली बसेल!"

युक्ती साधी होती. चाकांवरच्या स्प्रिंगा थोड्या कापायच्या, गाडी खाली येते. मदतीला मेव्हण्याला बोलावलं. हा बायकोचा धाकटा भाऊ, विम्याच्या ऑफिसात कारकून. यंत्रातलं त्याला काही कळत नाही, पण माझ्यावर त्याची श्रद्धा आहे. मदतनिसात दुसरं हवं काय?

जॅक लावून गाडी उचलली, ती तशीच अधांतरी राहावी म्हणून खाली आधाराला चार लोखंडी घोड्या दिल्या. चाकं काढली, स्प्रिंगा काढल्या, प्रत्येकीचा एकेक वेढा कापला. ठिणग्यांची अशी फुलबाग उडाली, की मेव्हणा टाळ्या वाजवायला लागला! सगळं परत जोडून मी लांब उभा राहिलो आणि एक डोळा मिटून विचारलं, "काय, उतरली?"

"दाजी, तसूभरही नाही!"

"जुनं लोखंड आहे, हट्टी असतं. काप अजून एक वेढा."

पुन्हा काढल्या, कापल्या, जोडल्या.

"आता?"

"होती तिथेच आहे, दाजी!"

"मला ओळखत नाही ही अजून. काप!"

एवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अहो, पण ती तर घोड्यांवर..."

"हे बघ, तांत्रिक कामात मध्ये बोलू नये," मी म्हटलं.

ती गोड हसली. लग्न जुनं झालं, की बायकोच्या गोड हसण्याला नवऱ्याने घाबरावं, हे मला माहीत होतं. पण मी कामात होतो. खिडकीतून आईही बघत होती. तिला मी हात केला.

अखेर फरशीवर लोखंडाच्या बांगड्यांचा ढीग पडला. गाडी मात्र तशीच मान ताठ करून उभी!

"राहू दे. वजन पडलं की येईल थोडी खाली," असं म्हणून मी घोड्या काढल्या आणि जॅक उतरवायला लागलो.

गाडी खाली आली. अजून खाली आली. मग आणखी खाली आली! कोंबडी अंड्यांवर बसावी, तशी पंख पसरून जमिनीला टेकली. चाकं अर्धीअधिक पोटात गेली. जॅक तिच्याखाली असा अडकला, की त्याचं नुसतं शेपूट बाहेर राहिलं.

मेव्हण्याने वाकून गाडीखाली पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दाजी, घोड्यांवर असताना ती खाली कशी येणार होती?"

"हे आधी बोलायचं!"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

श्रद्धेचा हा एक तोटा असतो.

पण थांबा! आई बाहेर आली, ठेवणीतली साडी नेसून. तिने दार उघडलं, पाठ केली आणि उशीवर टेकावं तशी अलगद मागच्या सीटवर बसली. एक 'आई गं' नाही की काही नाही! तिचा चेहरा असा उजळला, जशी काजळी झटकलेली वात. मी बायकोकडे विजयी नजर टाकली. पहार घालून जॅक ओढून काढला आणि आम्ही निघालो.

प्रवासाबद्दल फार बोलत नाही. रस्त्यातला खडा माणकाचा की दगडाचा, हे बसल्या जागी कळत होतं. प्रत्येक गतिरोधकाला बायको आणि मेव्हणा उतरायचे, ढकलायचे आणि पुन्हा बसायचे. पुढे पुढे त्यांनी बसणंच सोडून दिलं. आमच्या आधी चालत पोचून ते मावशीच्या फाटकाशी वाट बघत उभे होते.

मावशी गळ्यात टेप घालून बाहेर आली. "आलीस, धाकटे? उतर, उतर. मला पोलकी द्यायचीत कुणाची तरी."

आई उतरायला गेली आणि थांबली. पुन्हा जोर केला, पुन्हा थांबली. उंचावर चढायला गुडघे कुरकुरतात, हे मला ठाऊक होतं. खोलातून उठायला ते साफ नकार देतात, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं!

"ताई, तूच ये आत. घटकाभर."

"बसायला नाही आले मी," मावशी सवयीने म्हणाली. पण बहिणीचा चेहरा बघून वाकली, फुटपाथच्या बाजूने आत शिरली आणि दार ओढून घेतलं.

हत्तिणीने एक उसासा सोडला आणि ती उरलीसुरली बसली! दाराची कड फुटपाथच्या खाली गेली. दार उघडेना. दुसऱ्या दारात आई, आणि आईचे गुडघे. गाडी पुढे घ्यावी, तर चाकं पोटाला घासून जाम!

"अरे, मला उठव!" आतून मावशी.

"पाच मिनिटं, मावशी! सगळं माझ्या ताब्यात आहे!"

मेव्हण्याने गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, क्रेन आणतो, पण वेळ लागेल. मावशीने काच ठोठावली, टेप आपटला, पोलक्यांच्या नावाने शंख केला. मग हळूहळू दमली. बायकोने खिडकीतून दोघींना चहा दिला. दोन पांढरी डोकी एकमेकींकडे कलली. मी बॉनेटला टेकून उभा होतो. आत कुजबुज चालली होती. मग ती थांबली, आणि त्या शांततेत मावशीचा चिरका, थरथरता आवाज आला:

*दिवा झाला लहान, वाऱ्यानं टेकली मान,*
*नीज माझ्या मैने, निजलं गं रान,*
*नदी निजली कुशीवर, वाट निजली दारात...*

इथे त्या दरवेळी अडखळायच्या. आणि दोघी एकदमच म्हणाल्या:

*आई तेवढी जागी गं, निजलेल्या घरात.*

क्रेन आली होती. गॅरेजवाला हातात साखळी धरून उभा राहिला. "साहेब, उचलू?"

"थांब जरा," मी म्हटलं. त्याच्या हातातली साखळी काढून खाली ठेवली.

पुढे गॅरेजवाल्याने नव्या स्प्रिंगा घातल्या. हत्तीण पुन्हा ताठ उभी राहिली. मी आईला मोठ्या दिमाखात दाखवायला नेलं. "बघ, होती तशी केली! आता मजबूत स्टूल ठेवू, तू चढशीलही आणि उतरशीलही."

आई गाडीभोवती फिरली. तिचा चेहरा पडला.

"म्हणजे आता ताईला सुद्धा उतरता येईल?"

"अगदी सहज!"

"मग ती बसेल कशाला?" आई म्हणाली. "काप बाबा स्प्रिंगा परत."

मी तत्काळ बाह्या सरसावल्या. शेवटी माझ्या कामाची कदर करणारं कुणीतरी घरात होतं! मेव्हण्याला हाक मारणार, तेवढ्यात आईने दारातून मागे वळून पाहिलं.

"आणि हे बघ. या वेळी किती उतरली ते बघायच्या आधी गाडी घोड्यांवरून खाली घे हो. मागच्या वेळी खिडकीतून सांगणार होते, पण तू हात केलास. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."