कोरडा बर्फ आणि सात फेऱ्या चिकटपट्टी

काशीराम मयेकरांनी ठरवलं, या वेळी मासे कोरड्या बर्फात पाठवायचे. ठरवलं म्हणजे ठरवलं. नगरपालिकेत तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस, एकदा शेरा मारला की खोडायचा नाही!

ओल्या बर्फाने त्यांचं नाक कापलं होतं. लेक वेदिका पुण्याला. दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर डॉक्टरने प्रवासच बंद केला. बायको मालनबाई पुढच्या आठवड्यात तिकडे जायच्या होत्या, पण डोहाळे काय रिझर्वेशन बघून लागतात? पोरीला सरंगा खावासा वाटला. (पुण्यात त्याला पापलेट म्हणतात आणि तीन दिवस शिळं विकतात, असं काशीरामांचं ठाम मत.) तर मागच्या पंधरवड्यात त्यांनी बर्फात घालून मासे एसटीने पाठवले. हातखंब्याचा पहिला थांबा यायच्या आधीच बर्फाला पाझर फुटला आणि रॅकवरचं पाणी खालच्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर गळलं. तो बिचारा मुलगी बघायला निघालेला! मग कंडक्टरने पार्सल हातखंब्याला उतरवलं, ते पुढे मांजरांनी सोडवून घेतलं. त्या मुलीने होकार दिला की नाही, देव जाणे.

"राहू दे हो बाबा, आता मला नकोच सरंगा," असं वेदिका फोनवर म्हणाली. ते 'राहू दे' काशीरामांना फार लागलं. दोन दिवस त्यांना भात गोड लागेना.

त्यांचा भाचा दर्शन मासे परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात कामाला. त्याने जाड पुठ्ठ्याच्या खोक्यातून कोरड्या बर्फाच्या लाद्या आणून दिल्या. "मामा, हा वितळत नाही, पाणी होत नाही. सरळ गॅस होऊन उडून जातो. पण शून्याच्या खाली अठ्ठ्याहत्तर डिग्री आहे हां! आणि हा कागद तेवढा मामीकडे द्या."

"मामीला कशाला त्रास? मला वाचता येतं," म्हणत काशीरामांनी कागद खिशात घातला. तो त्यांनी वाचला नाही. अठ्ठ्याहत्तर हा आकडा मात्र डोक्यात पक्का बसला.

दुपारी मालनबाई स्वयंपाकघरात आल्या, तर नवरा मफलर, स्वेटर, कानटोपी आणि कुणाचे तरी विकेटकीपिंगचे ग्लोव्हज घालून बसलेला. घामाच्या धारा लागलेल्या.

"अगो बाई! हे काय ओ सोंग?"

"अठ्ठ्याहत्तर डिग्री आहे, मालन. खाली!"

"मग हातांपुरतं पुरे की. डोकं कशाला झाकलंत, ते काय माशांत घालायचंय?"

सहा सरंगे वेगवेगळ्या पिशव्यांत घातले होते, वर रद्दी गुंडाळायची होती. सगळ्यांत मोठ्या सरंग्याला रद्दी पुरेना, तेव्हा खिशात हात घालून जो कागद लागला तो त्यांनी गुंडाळला. थर्माकोलच्या डब्यात मासे, वर लाद्या, वर झाकण. आणि मग ते खऱ्या कामाला लागले. एसटीत मासे न्यायचे तर कंडक्टरच्या नाकाला कळता कामा नये, हे त्यांच्या बापाने शिकवलेलं. त्यांनी डब्याला चिकटपट्टीच्या सात फेऱ्या मारल्या. तरी समाधान होईना, म्हणून देवघरातली मेणबत्ती आणून फटीफटीत मेण ओतलं.

"मुंगीसुद्धा आत जायची नाही," ते म्हणाले.

"आतलं बाहेर कसं येणार पण?" मालनबाईंनी विचारलं.

"येऊच नये म्हणून तर एवढा खटाटोप!"

मागच्या वेळेपासून मालनबाई पार्सल आणि नवरा एकत्र असले की दोघांना एकटं सोडत नसत. त्या रिक्षात बरोबर बसल्या. मारुती मंदिराच्या पुढे काशीरामांच्या मांडीवरच्या डब्यातून 'करर्र' असा आवाज आला. ते म्हणाले रस्ता खराब आहे. स्टँडवर रिक्षा उभी राहिली, तरी आवाज येतच होता.

पुण्याच्या गाडीची कंडक्टर श्रद्धा, तरणी पोरगी, तिकीट मशीन गळ्यात अडकवून खाली उभी. तिने डब्याकडे पाहिलं. झाकण पुरीसारखं फुगलेलं.

"काका, आत कोंबडी आहे काय?"

"छे गो! घरचे पापड आहेत," काशीराम म्हणाले आणि डबा फलाटावर ठेवून दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात फाडकन आवाज झाला. झाकण मधोमध उभं चिरलं, अर्धं उडून पेपरच्या स्टॉलला लागलं, आणि डब्यातून पांढरा धूर उतून फलाटावर पसरला. बाकावरची माणसं पाय वर घेऊन बसली. धुरातून एक सरंगा हळूच घसरत श्रद्धाच्या चपलेपाशी आला.

"पापड ताजे दिसतात," ती म्हणाली.

काशीरामांना वाटलं, गेलं. दुसऱ्यांदा गेलं. पोरीला काय तोंड दाखवायचं? ते नुसते उभे राहिले, कानटोपी अजून डोक्यावर.

मालनबाईंनी मात्र पर्समधून फोन काढून दर्शनला लावला, दोन मिनिटं 'हां, हां' केलं आणि पदर खोचला. ग्लोव्हज नवऱ्याच्या हातातून काढून घेतले, मासे नीट लावले, लाद्या वर ठेवल्या, पोकळी पेपरने भरली आणि झाकणाचे दोन्ही तुकडे वर नुसते टेकवून एकच दोरी सैल बांधली.

"गॅस जायला वाट हवी, एवढंच," त्या श्रद्धाला म्हणाल्या. "पाणी गळणार नाही. माणसांत नको, मागच्या डिकीत ठेव. लेकीचे दिवस भरलेत गो."

श्रद्धाने एकदा काशीरामांच्या कानटोपीकडे पाहिलं आणि डिकी उघडली. "आईला सरंगा मिळाला म्हणजे बाळ पण खूश," ती म्हणाली. मालनबाईंनी जावयाला फोन करून सांगितलं, डबा गॅलरीत उघड, वेदिकाला तिथे येऊ देऊ नको, हाताने बर्फ उचलू नको, उरलेला बेसिनमध्ये टाकू नको, तसाच उघड्यावर ठेव, आपोआप उडून जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेदिकाचा फोन आला. मालनबाईंनी तो स्पीकरवर टाकला आणि तांदूळ निवडत बसल्या.

"बाबा, मासे दगडासारखे घट्ट आले! आत्ता जेवले पोटभर. घरी येऊन गेल्यासारखं वाटलं हो!" मग तिने विचारलं, "पॅकिंग कुणी केलं?"

काशीरामांनी बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून खडे काढत होती.

"मीच," ते म्हणाले.

"वाटलंच मला! आणि बाबा, मोठ्या सरंग्याला एक कागद गुंडाळला होता. दर्शनदादाचं अक्षर आहे. वाचू?"

"नको, राहू दे, तू आराम कर..."

"'मामी, एक, उघड्या हाताने धरू नका. दोन, डबा घट्ट बंद करू नका, फुटेल. तीन, खिडक्या उघड्या ठेवा.'"

"आणि चार?" मालनबाईंनी सुपातून मान न उचलता विचारलं.

"'चार, लहान मुलांना आणि मामांना लांब ठेवा.'"

काशीराम उठले आणि खिडकी उघडायला गेले. ती सकाळपासून उघडीच होती.