होय म्हाराजाच्या तीन प्रती

योजना आखावी तर मीच! शंका असेल तर नाहूरला आमच्या घरी या आणि माझ्या रंगीत स्लाइड बघून जा.

घाटकोपरला आमच्या गावच्या मंडळाची खोली आहे. तिथल्या लोखंडी कपाटात दशावताराच्या, पालखीच्या जुन्या कॅसेटींना बुरशी लागली आहे. त्या सगळ्या डिजिटल करून कायमच्या जपायच्या, हा माझा प्रस्ताव.

निघताना रेवतीने, म्हणजे बायकोने, दारातच अडवलं.

"दर वेळी योजना तुझी आणि हमालीही तुझीच! या वेळी आपले रविवार गेले ना, तर बघ!"

"अगं, मी फक्त डोकं! हात मंडळातल्या पोरांचे!"

सभेत मी झकास बोललो. "प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तीन प्रती! एक मंडळात, एक माझ्या घरी, एक इंटरनेटवर. एखादी पुसली गेली, तरी बाकीच्यांवरून आपोआप परत येणार. तशी सोयच केली आहे मी!"

टाळ्या पडल्या. मग मी विचारलं, "तर काम कोण कोण करणार?"

सगळे पंख्याकडे बघू लागले. मंडळातल्या पोरांपैकी हर्षदला तर नेमका तेव्हाच फोन आला, तोही न वाजता!

अध्यक्ष बाळकाका उठले. "आधी गाऱ्हाणां घालूया."

गाऱ्हाणं म्हणजे जाणत्याने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्यामागे 'होय म्हाराजा' म्हणायचं. आम्हाला ही सवय इतकी, की झोपेतही म्हणू. मी खूश होऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. आमच्या संग्रहाचा श्रीगणेशा!

"बा देवा रवळनाथा! हो आमचो सुयोग चांगल्या कामाक लागलो हा. तेका यश दी रे म्हाराजा!"

"होऽय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा.

"दर आयतवारी हो घराघरात जातलो, कॅसेटी जमवतलो, तेंची बुरशी पुसतलो रे म्हाराजा!"

"होऽय म्हाराजा!" मीसुद्धा! सवय हो!

"तेच्या बायलेक सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"होऽय म्हाराजा!"

"काका, अहो, पण..."

"देवाक सांगून झाला रे! आता मागे कसो फिरतलंस?"

नारळ फुटला. हर्षदचा फोनही संपला.

घरी आलो तर रेवती कॉम्प्युटरपाशीच बसली होती.

"काय ठरलं?"

"लोकांनी लादलं गं. मी नाहीच म्हणत होतो..."

तिने एक बटण दाबलं. तीन प्रतींपैकी घरची प्रत माझ्या आधी पोचली होती! "तेच्या बायलेक सुबुद्धी दी," पाठोपाठ माझा खणखणीत होकार.

"मला सुबुद्धी?" एवढंच विचारून ती आत गेली.

आता मात्र माझी वाट लागली होती. ती कुकर लावतेय तोवर मी हळूच फाइल डिलीट केली. हुश्श केलं, पाणी प्यायलो, मागे वळून बघतो तर फाइल पुन्हा जागेवर! पुन्हा पुसली. पुन्हा आली!

सांगितलं ना, योजना आखावी तर मीच.