उत्तरेला डोकं

दिशांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर माझी उमर गेली. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. ऊन कुठून चढणार, वारा कुठून सुटणार, ओली मिरची कुठल्या अंगानं पसरायची, हे मी डोळे मिटून सांगायचो. आमचे मालक जवरीलालशेठ म्हणायचे, ईश्वर होकायंत्र गिळूनच जन्माला आलाय.

असा मी! आणि भर मे महिन्यात, माझ्याच घरात, झोपताना डोकं कुठं आणि पाय कुठं हे मला शेठच्या नातवानं शिकवलं. त्याचं काय झालं ते सांगतो. तुमच्याकडे कुणी शिकवायला आलं तर उपयोगी पडेल.

माझी बायको तुळशी होळीच्या आधी गेली. पोटाचं दुखणं होतं. शेवटचे दिवस तिनं खिडकीजवळच्या खाटेवर काढले. ती खाट तिनं स्वतः विणलेली. अंबाडीची दोरीसुद्धा तिनंच वळलेली. एवढे दिवस पडून राहिल्यामुळे खाटेच्या मधोमध तिच्या अंगाचा झोळ पडला होता. ती गेल्यावर मी त्या झोळात झोपायला लागलो. ती लहानखुरी, मी लांबडा. रोज सकाळी कंबर धरायची. पण दुसरीकडे झोप लागायची नाही.

मुलगा भरत सुरतला असतो. आईच्या वेळी तो पोचला तेव्हा चिता विझत आली होती. साहेबानं सोडलं नाही म्हणाला. तेराव्यानंतर गेला तो गेलाच. मग फोनवर बोलायचा. एक दिवस म्हणाला, बाबा, आई घरामुळे गेली. मी म्हटलं, डॉक्टरनं तर दुसरंच सांगितलं होतं. तो म्हणाला, गायत्रीनं मोबाइलवर पाहिलंय, आपला संडास चुकीच्या कोपऱ्यात आहे.

गायत्री म्हणजे सूनबाई. आणि तो संडास भरतनंच त्या कोपऱ्यात बांधायला लावला होता, गायत्रीच्या माहेरचे घर बघायला येणार म्हणून. पण हे कुणाला सांगणार?

भरतनं मला दोन वाटा दिल्या. एकतर घराचं फेंगशुई करून घ्यायचं, नाहीतर घर विकून सुरतला यायचं. सुरतला त्यांच्या हॉलमध्ये सोफा आहे, तो माझा. खाट आणता येणार नाही, लिफ्टमध्ये मावत नाही, हे गायत्रीनं आधीच सांगून ठेवलं होतं. मला ना घर सोडायचं होतं, ना खाट. म्हणून मी म्हटलं, करा काय करायचं ते.

शेठचा नातू नमन हे काम करतो. कुठला तरी कोर्स करून आलाय आणि पेढीच्या एका कोपऱ्यात त्यानं दुकान टाकलंय. तिथं काचेची कासवं, तोंडात नाणं धरलेले बेडूक आणि पोट सुटलेला हसरा म्हातारा मिळतो. एका सकाळी तो हातात होकायंत्र धरून घरभर फिरला. मग गंभीर चेहरा करून म्हणाला, "काका, प्रॉब्लेम कळला. ऊर्जा घरात येते, कोपऱ्यात बसते आणि उठतच नाही."

मी म्हटलं, "मीही तेच करतो."

तो हसला नाही. त्याच्या धंद्यात हसायचं काम त्या म्हाताऱ्याकडे असतं. पुढं तो जे बोलला ते मात्र मला नेमकं लागलं. म्हणाला, "माणूस एकटा पडतो तो मांडणीमुळे. मी सांगतो तसं मांडा. एका दिवसात घर माणसांनी भरेल."

तुळशी गेल्यापासून घरात माणूस म्हणजे शेजारची तापीबाई, तीही दारापर्यंत. ताकाचा तांब्या द्यायची आणि जायची. मी कामाला लागलो.

कपाट इकडून तिकडं गेलं. आरसा दारासमोर नको म्हणून त्यावर चादर टाकली. लाल रंग दक्षिणेला हवा म्हणून मिरचीचं पोतं दक्षिणेच्या भिंतीला सरकवलं. त्याच भिंतीशी दिवा लावला, तो विझू द्यायचा नाही. उत्तरेला पाणी हवं, तिथं पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. मोबाइल उशाशी नको म्हणून तो भांड्यांच्या फडताळात गेला. खिडकीत नळ्यांची एक माळ टांगली, ती वाऱ्यानं किणकिणते. हसरा म्हातारा तुळशीच्या फोटोशेजारी बसला. तो तिच्याकडे बघून कशाला हसतोय ते मला कळेना.

शेवटी नमन खाटेपाशी थांबला. ही आधी बाहेर काढा, म्हणाला. आजाऱ्याची खाट घरात ठेवली तर आजार तिथंच राहतो. मी नाही म्हटलं. त्यानं तिथूनच भरतला फोन लावला. भरत म्हणाला, बाबा, एका खाटेसाठी सगळं अडवणार असाल तर मी गिऱ्हाईक बघायला लागतो. मग नमननं मधला मार्ग काढला. एक दिवस अंगणात उन्हात ठेवा, दोष जळून जाईल, मग आणा आत. मिरची उन्हात घातली की सुधारते हे मला माहीत होतं. खाटेचंही तसंच असेल, असं मी मनाला सांगितलं आणि ती लिंबाखाली नेऊन उभी केली.

आता मला जमिनीवर झोपणं आलं. नमननं माझं जन्मसाल विचारलं, बोटांवर मोजलं आणि सांगितलं, डोकं उत्तरेला.

"अरे, उत्तरेला डोकं मेलेल्याचं करतात."

"काका, ते आपल्यात. चिनी हिशोबात तुमची उत्तर शुभ आहे."

म्हणजे चीनमध्ये कुणी मरत नसेल. पण मी वाद घातला नाही. तुळशी जन्मभर दक्षिणेला डोकं करून झोपली, तिचं काय भलं झालं? मी उत्तरेला उशी ठेवली. नमन आपलं होकायंत्र घेऊन गेला.

कपाट ढकलून कंबरेचे तुकडे झाले होते. तुळशीच्या आजारपणातल्या दुखण्याच्या गोळ्या शिल्लक होत्या, त्यातली एक घेतली. पायांकडून कुलर लावला. कुलरच्या वाऱ्यानं खिडकीतली माळ जी वाजायला लागली ती थांबेचना. मी कानात कापूस घातला. पोतं हलवल्यामुळे मिरचीची धूळ उडत होती. पथारीवर जन्म गेला तरी कधी ठसका लागला नव्हता, आता लागला. मी नाकातही कापूस घातला, अंगावर पांढरी चादर ओढली, तोंड उघडं ठेवलं आणि झोपलो. त्या गोळीत एवढी ताकद असेल हे मला ठाऊक नव्हतं. तुळशी घ्यायची तेव्हा तिला तरी कुठं लागत होती अशी झोप?

पुढचं मला नंतर लोकांनी सांगितलं.

दुपारी तापीबाई ताक घेऊन दारात आली. तिनं काय पाहिलं बघा. अंगणात खाट काढून ठेवलेली. आरसा झाकलेला. म्हातारा जमिनीवर, उत्तरेला डोकं, उशाशी पाणी, पायांकडे दिवा. नाकात कापूस, कानात कापूस. आणि अंगावर पांढरी चादर. बिचारीनं 'नाना, नाना' अशा दोन हाका मारल्या, त्या माझ्या कापसात अडकल्या. तिच्या हातातला तांब्या पडला.

"नाना गया वो माय!"

गल्ली जमा झाली. माझा जुना सोबती करणसिंग धावत आला. आमच्या गल्लीत तिरडी बांधायचं काम त्याच्याकडेच असतं. त्यानं माझ्या तळपायाला हात लावला. तळपाय कुलरपुढे होते. बर्फासारखे गार! बायकोमागे फार दिवस काढले नाहीत, असं सगळ्या बायका म्हणाल्या आणि रडल्या. कापूस कुणी घातला, दिवा कुणी लावला, हे एकानंही विचारलं नाही. दुसऱ्या कुणी तरी केलं असेल असं प्रत्येकाला वाटलं. भरतला फोन गेला. तो गाडी करून निघाला. या वेळी साहेबानं लगेच सोडलं.

मुलगा आल्याशिवाय हलवायचं नाही म्हणून मला कुणी हात लावला नाही. जवरीलालशेठ हार घेऊन आले. म्हणाले, ईश्वरसारखा माणूस पथारीला पुन्हा मिळायचा नाही. मी पथारीवर असताना हे ते एकदाही म्हणाले नव्हते. मीही नेमका झोपलेला.

शेवटी तापीबाईनं विचार केला, पोरगा येईल तेव्हा येईल, निदान तोंडात गंगाजल तरी घालू. तिनं चमचाभर घातलं. तोंड उघडंच होतं. ते सरळ नरड्यात गेलं, मला जोराचा ठसका आला आणि मी उठून बसलो.

खोली एका दमात रिकामी झाली. तापीबाई तेवढी तिथंच बसून राहिली, कारण तिच्यानं उठवेना. मी नाकाकानातला कापूस काढला आणि विचारलं, कोण गेलं? ती म्हणाली, "तूच गया व्हता, नाना."

मी बाहेर आलो. अंगणात पन्नासेक माणसं, आणि सगळी मागं सरकलेली. मधोमध नवी कोरी तिरडी. बांधणी घट्ट, करणसिंगचा हातच तसा. दोरी ओळखीची वाटली.

मी लिंबाकडे पाहिलं. खाटेची नुसती चौकट उभी होती. मधे अंबाडीचा एक लोंबता तुकडा.

करणसिंगला काय बोलणार? दुपारची दुकानं बंद, सुतळी मिळेना. आणि मेलेल्याची खाट बाहेर काढली की ती टाकूनच द्यायची असते. त्यानं विळा घेतला आणि चारी बाजूंनी वीण कापून घेतली. मी म्हटलं, "सोड ती दोरी."

"नाना, बांधेल तिरडी सोडतस नही."

म्हातारी माणसंही तेच म्हणाली. बांधलेली तिरडी दारात राहिली तर ती माणूस घेतल्याशिवाय राहत नाही. सूर्य मावळायच्या आत मसणात नेऊन जाळायची. रिकामीही न्यायची नाही, वर काहीतरी ठेवायचं. कुणी म्हणालं कडबा ठेवा, कुणी म्हणालं नानाचं धोतर ठेवा. मी लिंबाखाली गेलो. विणीचा मधला भाग, ज्याला झोळ पडला होता तो, तसाच गुंडाळून फेकलेला होता. मऊ झाल्यामुळे बांधायच्या कामाचा नव्हता. मी तो आणून तिरडीवर ठेवला आणि वर माझीच पांढरी चादर घातली.

तापीबाई म्हणाली, भरतला तरी फोन करा, पोरगा रस्ताभर रडत असेल. मी म्हटलं, नको. आता नवापूरपर्यंत आला असेल, कळलं तर तिथूनच परत फिरेल.

तिरडी उचलली. तिच्यामागं मी. माझ्या प्रेतयात्रेत चालणारा मीच, आणि तेही हातात काठी घेऊन, कारण कंबर अजून दुखत होती. शेठचा हार फुकट जाऊ नये म्हणून कुणीतरी तो माझ्याच गळ्यात घातला होता. वाटेत एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून हात जोडले. तिरडीला की मला, ते त्यालाही कळलं नसावं.

गल्लीच्या तोंडाशी एक गाडी येऊन थांबली. भरत उतरला. पांढरे कपडे, डोळे सुजलेले. त्यानं धावत येऊन तिरडीला डोकं टेकवलं. मग वर पाहिलं तर मागं मी, गळ्यात हार घालून उभा. तो पांढरा पडला.

"बाबा? मग वर कोण आहे?"

"तुझी आई," मी म्हटलं. "मागच्या वेळी तुला उशीर झाला होता. दे खांदा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, चादरीखालून निघालेल्या अंबाडीच्या टोकाकडे पाहिलं. करणसिंग बाजूला झाला आणि भरतनं खांदा दिला. मसणापर्यंत त्यानं बदलू दिला नाही. अंबाडी वाळलेली असते. पेटायला वेळ लागला नाही.

भरत आठवडाभर राहिला. मागून गायत्रीही आली. पाहुणे आले, पथारीवरचे जुने गडी आले. मेलेला माणूस चहा पितो तो कसा दिसतो हे बघायला परक्या गल्लीतलेही आले. चहाची साखर दोनदा आणावी लागली. घर विकायचं भरतनं पुन्हा काढलं नाही. फक्त जाताना म्हणाला, खाट नवी विणून घेऊ. मी म्हटलं, विणणारी कुठून आणतोस?

मग एका संध्याकाळी नमन आला. मला वाटलं, तोंड पाडून येईल. तो दारातच छाती काढून उभा राहिला. "काका, बोललो होतो ना? एका दिवसात घर भरलं."

मी शिवी शोधत होतो. पण पोरगा खोटं बोलत नव्हता. एवढी माणसं तर माझ्या लग्नातही नव्हती. मी त्याला हसरा म्हातारा परत दिला आणि खाटेची चौकट कुठं ठेवू ते विचारलं. तो होकायंत्र काढून म्हणाला, पश्चिमेला. ठेवली पश्चिमेला. तिच्यातून पलीकडची भिंत दिसते. ती कुठल्याही दिशेला ठेवली तरी भिंतच दिसणार.

मी आता दक्षिणेला डोकं करून झोपतो, जमिनीवर. तापीबाई अजून ताक आणते, पण आता आत बघत नाही. मी आहे की गेलो ते दाराच्या बाहेरूनच विचारते, "नाना, शे का?"

मी पडल्या पडल्या सांगतो, "शे."