गंज पिकवणारे सुदामराव

आमच्या गेटला लागलेला गंज बघायला एक गृहस्थ रोज सकाळी येतात. चहाला नाही, पेपरला नाही, गंज बघायला. उकिडवे बसतात, चष्मा कपाळावर चढवतात, खिशातून भिंग काढतात आणि बिजागरीला नाक लावून बराच वेळ बघत राहतात. नव्या दूधवाल्याने एकदा मला हळूच विचारलंही, "मॅडम, हे म्युनिसिपालटीचे हायत का?"

गुढीपाडव्याला मी गेट रंगवायला काढलं, तर हे चप्पल न घालताच धावत आले. "ताई, हात जोडतो, रंग लावू नका. गंज अजून पिकला नाय."

हे सुदामराव, गारखेड्यातले आमचे समोरचे शेजारी. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते जन्मभर रंग तपासायला होते. रंगवलेला पत्रा पुढ्यातून सरकणार आणि त्यावर धुळीचा कण किंवा केसाएवढा ओरखडा दिसला की ह्यांनी खडूने फुली मारायची. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नाही. एकदा माझ्या स्कूटीकडे बघून म्हणाले, "डाव्या बाजूला तीन ओरखडे हायत. दोन जुने, एक कालचा." तो कालचा मी नवऱ्यापासून लपवून ठेवला होता. सुदामरावांनी तो नवऱ्यादेखत जाहीर केला. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

तर असा हा माणूस सध्या स्वतःच्या हाताने गंज, चिखल आणि ओरखडे तयार करतो आहे. वीतभर लांबीच्या एका खेळण्यातल्या लष्करी ट्रकवर.

त्याचं कारण म्हणजे नाना, सुदामरावांचे थोरले भाऊ. नाना फौजेत ड्रायव्हर होते. वीस वर्षं त्यांनी डोंगरातल्या रस्त्यांवर तीन टनी गाडी चालवली. सुट्टीवर आले की फुलंब्रीकडच्या त्यांच्या गावी अंगणात बाजेवर बसून ते गाडीच्या गोष्टी सांगायचे. लहानगे सुदामराव त्या तोंड उघडं टाकून ऐकायचे. गेल्या दिवाळीत नानांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येऊ शकतं, ओळखीच्या वस्तू दाखवा, ओळखीच्या गोष्टी काढा. घरच्यांनी देव दाखवले, नातवंडं दाखवली, शेत दाखवलं. नाना भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेव्हा सुदामरावांनी ठरवलं, गाडी दाखवायची. तिला बघून नाना बोलणारच.

तसला ट्रक घरी जोडायचं खोकं परदेशातून आलं. आत प्लास्टिकचे शेकडो सुटे तुकडे, काही तर तांदळाच्या दाण्याएवढे. गाडीचा एक आरसा उडाला तेव्हा कुसुमवहिनींना, म्हणजे सुदामरावांच्या पत्नीला, दोन दिवस केर काढायची बंदी होती. गाडी जोडून झाली आणि लक्षात आलं की स्टिअरिंग डावीकडे आहे. "नाना काय उलट्या बाजूला बसून गाडी चालवीत होता व्हय?" म्हणत ह्यांनी ब्लेडने सगळं कापून उजवीकडे नेलं. मग हिरवा रंग. त्यांच्याकडे नानांचा गाडीवर हात ठेवलेला एकच फोटो, आणि तोही काळा-पांढरा. सुदामरावांनी सात हिरवे रंग आणून सातही नापास केले. आठवा त्यांनी घरीच घोटला.

त्यानंतर त्यांना स्वस्थता म्हणून राहिली नाही. एक मिनिट खुर्चीत, दुसऱ्या मिनिटाला अंगणात, तिसऱ्याला आमच्या दारात. गंजाच्या रंगासाठी कधी चहाचा चोथा मागायला, कधी विटेचा तुकडा. एकदा चक्क काजळ मागितलं.

"कुणाला लावायचंय?" मी विचारलं.

"सायलेन्सरला. धूर दिसाया पायजे ना."

ते काजळ माझ्या लग्नातल्या डबीतलं होतं. दिलं बापडीने.

ओरखडे ते स्पंजच्या तुकड्याने रंग टिपून उमटवत. नुसते कुठेही नाहीत. "ड्रायव्हर चढताना पाय कुठं ठिवतो? तिथंच रंग झिजंल." हे शोधायला ते उस्मानपुऱ्यात उभ्या असलेल्या एका मालट्रकमध्ये वीस वेळा चढले आणि उतरले. एकविसाव्या वेळी ड्रायव्हर जागा झाला. चिखल मात्र आपल्या शेतातलाच, काळ्या मातीचा, ओढणीतून गाळून पाण्यात कालवलेला. ओढणी वहिनींची. वहिनी मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं माझ्या फरशीवर पायाचा ठसा चालला नाय ह्यांना. आता बघा, घरात चिखल कालवतेत."

मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, झाला की ट्रक! किती बघाल?"

ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "ताई, खोटी वाटली तर नाना तोंड फिरवील. मग माझ्याकडं दुसरं काय हाय दाखवायला?"

मी आत जाऊन गेट रंगवायचा डबा माळ्यावर टाकला.

परवाच्या रविवारी नानांच्या मुलाने त्यांना सुदामरावांकडे आणून सोडलं. मलाही बोलावणं आलं. नाना खुर्चीत, डावा हात मांडीवर, नजर भिंतीवर. सुदामराव चार वेळा आत-बाहेर करून शेवटी ट्रक घेऊन आले आणि नानांसमोरच्या स्टुलावर ठेवला. चिखलाने माखलेली चाकं, काचेवर धूळ, दारावर थेट आमच्या गेटसारखे गंजाचे ओघळ. खरं सांगते, आता हा सुरू होऊन धूर सोडेल असं वाटलं.

नानांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग नानांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चेहरा लाल झाला. डावा हात पुढे आला आणि बोट सरळ मडगार्डवरच्या चिखलावर टेकलं. ओठ हलले, आणि सहा महिन्यांनी त्या तोंडातून शब्द आला.

"पूस."

फौजेतला ड्रायव्हर गाडी अशी घाण ठेवून कधी उभी करत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. गाडी थांबली की पहिलं काम पुसायचं. धूळ, चिखल, गंज, सगळं सुदामरावांनी अचूक केलं होतं. फक्त त्या गाडीला मालक आहे हे विसरले होते.

"व्हय नाना, पुसतो!" सुदामराव जवळजवळ ओरडलेच.

वहिनींनी ओलं फडकं दिलं. चिखल-गंज पक्का करणारं वरचं वॉर्निश अजून मारलं नव्हतं, त्यामुळे तीन महिन्यांची मेहनत भराभर फडक्यावर येऊ लागली. ज्या ट्रकला ते आम्हाला फुंकरही मारू देत नसत, तोच ट्रक हा माणूस खसाखसा घासत होता. नाना बोट दाखवत होते आणि हे पुसत होते. काच झाली, दार झालं, माझं काजळही गेलं. सुदामरावांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला त्यांना सवड नव्हती.

तीन चाकं लख्ख झाली. चौथं चिखलात तसंच ठेवून सुदामरावांनी फडक्याची घडी घातली.

"चला, झाली बरं का नाना गाडी," ते म्हणाले आणि भावाच्या तोंडाकडे बघत बसले.

ह्या माणसाच्या नजरेतून अख्खं चाक सुटणं शक्य नव्हतं. वहिनींनाही ते कळलं. त्या पदर तोंडाला लावून दाराकडे वळल्या.

नानांनी बोट उचललं.

"पूस," ते म्हणाले.