माझी अकरा हजार पावलं

सुनेनं सासूला विचारल्याशिवाय आजारी पडू नये, हा आमच्या खजुरी गावातला साधा शिष्टाचार. आमची दीपमाला गेल्या मंगळवारी परस्पर तापानं फणफणली आणि माझ्या तब्येतीची अब्रू गेली.

झालं असं. मला पंधरा वर्षांची साखर. तालुक्याच्या दवाखान्यातल्या नेत्रा नर्सबाईनं (पोरगी हुशार, फक्त बोलते फार) मला मनगटावर बांधायचं घड्याळ आणि बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र दिलं. पावलं, झोप, नाडी, साखर, सगळं तिच्या मोबाइलवर जातं. "नागूअक्का, आता तुमची तब्येत तुम्हीच सांभाळायची बघा," ती म्हणाली.

सांभाळणं मला शिकवायला नको. सून आल्यापासून बारा वर्षं मी हे घर एका जागी बसून सांभाळलंय. दळण, पाणी, भाकरी सगळं माझं, करते दीपमाला. तेव्हा माझं चालणंही तिनंच करायचं, हे ओघानं आलं. दिवसा घड्याळ तिच्या हातात. झोपेचं खातं आमच्या मालकांकडे, ग्यानबांकडे (त्या कामात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही). रक्ताला मुलगा शिवप्रसाद. कारण सोमवारी, गुरुवारी आणि अमावास्येला मी सुई टोचून घेत नाही, आणि उरलेल्या दिवशी मला भीती वाटते.

निकाल उत्तम. रोज सरासरी अकरा हजार पावलं, नऊ तास झोप, साखर ऐन तिशीतल्या गड्याची. मी इतकी ठणठणीत निघाले, की नेत्रानं आठवड्याची घरभेटच बंद केली. पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, ती मी लुगड्याखाली झाकली. अकरा हजार पावलं चालणाऱ्या बाईला तक्रार शोभत नाही.

मंगळवारी दीपमालाची नाडी धावली आणि घड्याळानं थेट मोबाइलवर बोंब ठोकली. नेत्रा स्कूटी पिटाळत आली, तिनं मला आडवं करून तपासलं.

"अक्का, तुम्हाला तर काईच न्हाई. मग हे कामून ओरडायलंय?"

तेवढ्यात तिला अंगठा दिसला. चार दिवस उशीर झाला असता तर कापावा लागला असता, असं डॉक्टर पुढं म्हणाले.

दीपमाला माझ्यासाठी पाणी घेऊन आली. हातात घड्याळ. नेत्रानं तिच्या कपाळाला हात लावला, मग थर्मामीटर लावलं. एकशे दोन ताप. नेत्रानं मोबाइलवरची माझी अकरा हजार पावलं काढून माझ्यापुढं धरली. बोलकी पोरगी नुसतं बोट दाखवते, तेव्हा फार लागतं.

(हसा. पण तुमची पावलं घरात कोण चालतं, तेही बघून घ्या.)

घड्याळ काढून मी माझ्या मनगटावर बांधलं आणि सुनेला म्हटलं, "दीपमाला, बिनडोळ्याच्या घड्याळाला तुझा ताप दिसला. मला दोन डोळे हायत, मोतीबिंदू काढून घेतलेले. पड तू आता. चहा मी करते. पत्ती कुठं ठेवतीस, तेवढं सांग."